मेंदूचे राखणदार

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत एका पोराला कुत्रं चावलं. पोरगं नऊ वर्षांचं. शेळ्या घेऊन घरी येत होतं. पिंढरीला दात लागले, रक्त आलं. आई त्याला घेऊन आरोग्य केंद्राकडे निघाली. तेवढ्यात पोराची पणजी उंबऱ्यात आडवी बसली. ही पणजी म्हणजे माझी थोरली काकी. वय ऐंशीच्या पुढं.

काकी म्हणाली, “पोराला सुई टोचायची न्हाई. त्या सुईनं माझ्या धाकट्या दिराचं पाय गेलं. म्या डोळ्यानं बघितलंय.”

मला बोलावणं आलं. मी काही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर, आता पेन्शनीत निघालेला. पण खेड्यात मास्तरला सगळं येतं असा लोकांचा समज असतो. मी गेलो. घरात भांडण चालू होतं. ते चालू असतानाच मी पोराचा पाय नळाखाली धरला. साबण लावला आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुतली. कुत्रं चावलं की पहिलं काम हेच.

मग काकीजवळ बसलो. म्हटलं, “काकी, तू म्हणतेस ते खरं आहे. काकांचे पाय त्या सुईनंच गेले. पण ती सुई आता राहिली नाही. आताची सुई निराळी आहे, दंडात देतात.”

काकी उठली. पोरगं आरोग्य केंद्रात गेलं. पण रात्री काकीनं मला पुन्हा विचारलं, “आरं, पण पाय का गेलं? पन्नास वर्सं झाली. मला कुणी सांगितलंच न्हाई.”

काकीला मी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. पायांची ही गोष्ट खरी म्हणजे मेंदूची आणि रक्ताची आहे. आणि तिचा पुढचा भाग आज जगभरच्या प्रयोगशाळांत घडतो आहे.

१९७३ सालची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. एक पिसाळलेलं कुत्रं वाडीत शिरलं. त्यानं एका रेडकाला चावा घेतला आणि काकांच्या हाताला चावा घेतला. काका इंजेक्शनं घ्यायला तालुक्याला गेले. रेडकाला कोण इंजेक्शन देणार? महिन्याभरानं रेडकू पिसाळलं, तोंडाला फेस आला, आणि मेलं. काका जगले. हे नीट लक्षात ठेवा. त्या सुईनं काकांचा जीव वाचवला होता.

त्या काळी चौदा सुया घ्याव्या लागत. रोज एक. बेंबीच्या आजूबाजूला, पोटाच्या कातडीत. काका रोज बारा मैल सायकल मारून जात. पोट सुजून भाकरीसारखं टणक झालं होतं. चौदावी सुई झाली आणि चार दिवसांनी त्यांना ताप आला. पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी लघवी अडली. तिसऱ्या दिवशी उठायला गेले तर पाय अंगाखाली दुमडले. मोठ्या दवाखान्यात दोन महिने काढले. पुढे थोडी ताकद आली. पण मरेपर्यंत काठी सुटली नाही.

वाडीत नाना तऱ्हेचं बोलणं झालं. कुणी म्हणालं कुत्र्याचंच विष. कुणी म्हणालं कंपाउंडरनं सुई चुकीच्या जागी टोचली. दोन्ही खोटं. कंपाउंडरची काहीच चूक नव्हती. खोट औषधातच होती, आणि ती डॉक्टरांनाही ठाऊक होती. पण दुसरं औषध हाताशी नव्हतं.

ते औषध कसं बनत असे ते पाहू. कुत्र्याच्या चाव्यावरची पहिली लस फ्रान्स देशातल्या लुई पाश्चर या शास्त्रज्ञानं १८८५ साली एका मुलाला दिली. ती सशाच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जेपासून केलेली होती. पुढे आपल्या देशात, हिमालयाच्या पायथ्याशी कसौली नावाचं गाव आहे तिथे, डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ साली सोपी रीत काढली. मेंढराला या रोगाचा विषाणू टोचायचा. तो मेंदूत वाढतो. मग मेंढराचा मेंदू काढून वाटायचा. त्यात कार्बोलिक आम्ल घालून विषाणू मारायचा. ते पातळ द्रव म्हणजे लस. स्वस्त आणि भरपूर. या लशीनं लाखो लोकांना मरणाच्या दारातून परत आणलं, हे कबूल केलं पाहिजे.

पण त्या सुईतून मेलेल्या विषाणूबरोबर आणखी एक वस्तू अंगात जात होती. मेंढराचा मेंदू. आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

साताऱ्याचा माण-खटाव काय, सांगलीचा आटपाडी-जत काय, हा सगळा मेंढरांचा मुलूख. मेंढराचं डोकं ज्यानं फोडलं आहे त्यानं मेंदू पाहिला आहे. पांढरट, लोण्यासारखा मऊ. माणसाचा मेंदू असाच असतो, फक्त मोठा. आणि दोन्हींचा माल बराचसा एकाच जातीचा.

आता मेंदूचं काम कसं चालतं? विहिरीवरची मोटार आठवा. खांबावरून वायर येते, वायरमधून वीज येते. वायरच्या तांब्यावर रबराचं वेष्टन असतं. वेष्टन सोललं गेलं तर वीज भलतीकडे जाते, मोटार थांबते. मेंदूतून पाठीच्या कण्यात आणि तिथून हातापायांत अशाच बारीक वायरी जातात. त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. त्यांच्यावरही वेष्टन असतं. ते रबराचं नसतं, चरबीचं असतं. हे वेष्टन शाबूत असेल तोवर ‘पाय उचल’ हा मेंदूचा हुकूम क्षणात पायाला पोचतो. वेष्टन जळालं की हुकूम वाटेतच अडतो. काकांचे पाय मुळात चांगलेच होते. पाठीच्या कण्यातली वायर सोलली गेली होती.

ती कुणी सोलली? काकांच्याच रक्तातल्या राखणदारांनी.

हे ऐकून काकी म्हणाली, “आपलंच माणूस आपल्या घराला आग लावंल व्हय?” लावतं. कसं ते सांगतो.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. घर जसं विटांचं, तसं. फक्त या विटा जिवंत असतात आणि इतक्या लहान की डोळ्यांना दिसत नाहीत. रक्ताच्या एका थेंबात तांबड्या पेशी कोट्यवधी असतात आणि पांढऱ्या पेशी काही लाख. तांबड्या पेशी हमाल. त्या श्वासातला प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशी राखणदार. पूर्वी गावाला जागल्या असे. रात्री हातात कंदील आणि काठी घेऊन फिरायचा, अनोळखी माणूस दिसला की हटकायचा. तसंच हे. जंतू शिरला की या पेशी त्याला गाठतात आणि मारतात. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. ती या लढाईचीच खूण. तिला दाह म्हणतात.

हाताला दाह झाला तर हात सुजतो, चार दिवसांनी उतरतो. कातडी पुन्हा येते. मेंदूची गोष्ट निराळी. मेंदू हाडाच्या डबीत बंद आहे. तिथे सुजायला जागाच नाही. सूज आली की मेंदू चेपतो. आणि मेंदूची पेशी एकदा मेली की कातडीसारखी सहसा पुन्हा येत नाही. म्हणून निसर्गानं मेंदूभोवती पहारा कडक ठेवला आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट सांधलेल्या असतात. बाहेरच्या राखणदारांना तिथे सहज शिरता येत नाही. मेंदूचे स्वतःचे थोडे राखणदार आत असतात, बहुतेक वेळ तेच काम भागवतात.

राखणदारांत एक जात फार हुशार. तिचं नाव टी पेशी. या पेशी शत्रूची खूण एकदा शिकल्या की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. लस टोचतात ती याचसाठी. मेलेला शत्रू दाखवायचा आणि राखणदारांना त्याची ओळख करून द्यायची.

आता काकांच्या अंगात काय झालं ते उघड आहे. चौदा दिवस रोज राखणदारांना दोन वस्तू दाखवल्या गेल्या. एक मेलेला विषाणू, दुसरा मेंढराचा मेंदू. बहुतेक लोकांचे राखणदार विषाणूची ओळख शिकले आणि मेंदूकडे दुर्लक्ष केलं. पण हजारो माणसांत एखाद्याचे राखणदार मेंदूलाही शत्रू समजले. त्याच्या वेष्टनाची खूण त्यांनी पाठ केली. मग ते शोधत निघाले. मेंढरू तर अंगात नव्हतं. पण तसंच वेष्टन काकांच्या स्वतःच्या कण्यात होतं. पहारा फोडून ते आत शिरले आणि ते जाळू लागले.

हे नुसतं अनुमान नाही. १९३३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी माकडांना सशाचा निरोगी मेंदू वाटून पुन्हा पुन्हा टोचला. त्यात ना जंतू, ना विष. तरी काही माकडांचे पाय लुळे पडले. १९८७ साली थायलंडमधल्या डॉक्टरांनी मेंदूच्या लशीनं आजारी पडलेल्या रोग्यांच्या रक्तात वेष्टनाविरुद्ध तयार झालेली द्रव्यं दाखवून दिली. आपल्या देशात ही मेंढराच्या मेंदूची लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. मला विचाराल तर फार उशिरा. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. त्यात मेंदूचा कणही नसतो.

लस गेली, पण राखणदारांची गफलत गेली नाही. ती दुसऱ्या कारणांनीही होते. कधी एखादा ताप येऊन गेल्यावर लहान मुलाच्या मेंदूला असा दाह होतो. कधी काहीही निमित्त नसताना तरण्याताठ्या बाईच्या मेंदूतलं वेष्टन जागोजागी जळू लागतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, बरं वाटतं, पुन्हा उलटतं. या रोगाला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. डोक्याला मार लागला किंवा लकवा आला, तर मूळ इजा एका जागी होते. पण नंतर राखणदार धावून येतात, त्यांच्या धांदलीत शेजारचा चांगला भागही भाजून निघतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात काय झालं ते आठवत असेल. तिकडे आपल्यापैकी कितीतरी घरांतली पोरं नोकरीला आहेत. दोनशेच्या आसपास माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडले. काहींचा श्वास अडला, काही दगावले. त्या रोगाचं नाव गियाँ-बारे. पुष्कळांना आधी जुलाब झाले होते. तपासणीत एक जंतू सापडला, तो घाण पाण्यातून आणि कच्च्या कोंबडीतून पोटात जातो. राखणदारांनी त्या जंतूला मारलं, आणि त्याच्यासारखी दिसणारी स्वतःच्या तंतूंची खूण पाहून तिच्यावरही तुटून पडले. तिथे मेंदू शाबूत होता. बाहेरचे हातापायांकडे जाणारे तंतू भाजले होते. पण रीत तीच.

अशा वेळी डॉक्टर काय करतात? स्टिरॉइड नावाचं औषध देतात. ते राखणदारांना गुंगी आणतं. काही रोगांत रक्तातला पातळ भाग बदलून टाकतात. काही रोगांत निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेलं रक्षक द्रव्य शिरेतून देतात. पुष्कळ रोगी यानं उठतात. हे उपाय आपल्या मोठ्या इस्पितळांत मिळतात, आणि वेळेवर गेलं तर फार उपयोगी पडतात. पण स्टिरॉइडमध्ये एक अडचण आहे. एक जागल्या चुकला म्हणून सगळ्या जागल्यांना झोपवायचं, आणि मग खरा चोर आला म्हणजे? लांबलेल्या उपचारात असं होतं. रोग्याला दुसरेच जंतू गाठतात.

फक्त चुकलेल्यांनाच कुणी आवरलं तर? हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता. उत्तर रक्तातच होतं.

छातीच्या मधल्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते. तिचं नाव थायमस. टी पेशीतला ‘टी’ तिथूनच आला. मी तिला पेशींची शाळा म्हणतो. कोवळ्या पेशी तिथे शिकायला येतात. तिथे त्यांची परीक्षा होते. जी पेशी आपल्याच शरीराच्या खुणेवर तुटून पडते ती नापास, आणि नापास म्हणजे मरण. पास होणाऱ्या फारच थोड्या. असा निकाल आमच्या शाळेचा लागला असता तर गावानं मला बैलगाडीला बांधून हाकलला असता. तरीही काही खोडकर पेशी मास्तरची नजर चुकवून बाहेर पडतातच. मग बाहेर त्यांना कोण आवरतं?

जपानमधले शिमोन साकागुची या प्रश्नामागे लागले. नव्यानं जन्मलेल्या उंदराच्या पिलांची थायमस तिसऱ्या दिवशी काढून टाकली तर पुढे त्यांचे राखणदार स्वतःच्याच अवयवांवर उलटतात, हे दिसून आलं होतं. साकागुचींनी अशा पिलांना निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या. पिलं वाचली. म्हणजे टी पेशींतच एक जात अशी होती की जी मारत नव्हती, आवरत होती. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांनी या कल्पनेचा नाद सोडला होता. साकागुचींनी सोडला नाही. १९९५ साली त्यांनी त्या पेशी कशा ओळखायच्या ते दाखवून दिलं. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी, या पेशी घडवणारा जनुक बिघडला की उंदराची आणि माणसाच्या बाळाची काय दशा होते ते शोधलं. अशा बाळाचे राखणदार जन्मापासून त्याच्यावरच उलटलेले असतात. २०२५ साली या तिघांना वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं.

या पेशींना आपण आवर घालणाऱ्या पेशी म्हणू. संख्येनं थोड्या. त्यांच्या गटातल्या शंभर टी पेशींत पाच-दहा. पण गावात भांडण पेटलं की एखादा वडीलधारा मध्ये उभा राहतो, आणि वीस जण काठ्या खाली टाकतात. तसं यांचं काम.

या पेशी मेंदूतही असतात, पण अगदी तुरळक. तिथे त्या दाह आवरतात आणि डागडुजीला हातभार लावतात. २०१७ साली आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या पेशी असल्या तर उंदराच्या तंतूवर जळालेलं वेष्टन पुन्हा चांगलं चढतं. हे वाचलं तेव्हा मला काकांची काठी आठवली.

मग मेंदूत या पेशी वाढवायच्या कशा? त्यांना जगायला एक खुराक लागतो. त्याचं नाव इंटरल्यूकिन-दोन. मेंदूत हा खुराक फार कमी. तो सुईनं रक्तात द्यावा तर सगळ्या अंगभर पसरतो, आणि भांडखोर पेशीही त्यावर पोसतात. उसाच्या एका सरीला पाणी द्यायचं आणि सगळं शिवार भिजवायचं, तशातली गत. २०२२ साली बेल्जियम आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी पाट बांधून एकाच सरीला पाणी द्यावं तशी युक्ती काढली. त्यांचे पुढारी एड्रियन लिस्टन. त्यांनी एक निरुपद्रवी केलेला विषाणू घेतला, त्यात खुराकाची कृती भरली, आणि तो उंदराच्या मेंदूतल्या पेशींपर्यंत पोचवला. मेंदूच्या पेशी स्वतःच तो खुराक थोडा थोडा तयार करू लागल्या. मेंदूत आवर घालणाऱ्या पेशी वाढल्या, बाकीच्या शरीरात काही उलथापालथ झाली नाही. डोक्याला मार लागलेल्या उंदरांचा मेंदू कमी बिघडला. लकवा आणि वेष्टन जळण्याचा रोग, या दोन्हींतही नुकसान कमी झालं.

पण हे सगळं उंदरांत. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये मोठी खिंड आहे. पुष्कळ औषधं उंदराला बरं करतात आणि माणसाला काडीचा उपयोग करत नाहीत.

माणसांत दुसरी वाट चोखाळली जाते. रोग्याचंच रक्त काढायचं, त्यातल्या हव्या त्या पेशी निवडायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्याच्याच अंगात परत सोडायच्या. मिरची-वांग्याचं रोप जसं आधी वाफ्यात वाढवून मग रानात लावतात, तसं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी स्नायू वाळत जाण्याच्या एका असाध्य रोगात तीन रोग्यांना त्यांच्याच आवर घालणाऱ्या पेशी अशा वाढवून दिल्या. २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. पेशी चालू होत्या तोवर रोगाचा वेग मंदावला, थांबवल्या की पुन्हा वाढला. तीन माणसांवरून पक्कं काही म्हणता येत नाही. पण वाट दिसते.

पेशी काढून, बदलून परत देण्याची ही विद्या आपल्या राज्यातही आली आहे. मुंबईला पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि त्यांच्या सोबत्यांनी, टाटा मेमोरियल इस्पितळाच्या डॉक्टरांबरोबर, रक्ताच्या काही कर्करोगांवर असा उपचार तयार केला. त्यात टी पेशीला नवी खूण शिकवतात, आणि ती बिघडलेल्या बी पेशींना हुडकून मारते. बी पेशी हीसुद्धा पांढऱ्या पेशींचीच एक जात. सरकारनं ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो लोकांसाठी खुला झाला. परदेशाच्या मानानं दर खूप कमी, पण अजून लाखांत आहे.

कर्करोगाचा उपचार मी इथे का सांगितला? जर्मनीतल्या डॉक्टरांनी याच जातीचा उपचार २०२१ पासून राखणदार उलटण्याच्या रोगांत वापरून पाहिला. आधी ल्यूपस नावाच्या रोगात, नंतर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या मोजक्या रोग्यांत. कारण त्या रोगांत बी पेशीही खोडी करतात. हा मारण्याचा मार्ग. आवर घालणाऱ्या पेशींचा मार्ग त्याहून निराळा. दोन्ही मार्ग सध्या शोधले जात आहेत.

यातही जोखीम आहे. कर्करोगावरच्या या पेशींनी कधी कधी रोग्याच्या मेंदूलाच बाधा होते. माणूस गोंधळतो, बोलता बोलता अडखळतो, स्वतःचं नाव लिहिता येत नाही. डॉक्टर तर रोज त्याला एक ओळ लिहायला लावतात, आणि अक्षर बिघडलं की सावध होतात. तुम्ही नुकतंच लिहायला शिकला आहात. एक ओळ लिहायला किती मेंदू लागतो ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

कुणाच्या घरात लकव्याचा किंवा डोक्याला मार लागलेला रोगी असेल. त्याला वाटेल, आपल्या माणसाला या पेशी आज मिळतील का? मेंदूच्या दाहासाठी आवर घालणाऱ्या पेशींचा उपचार आज कुठल्याही दवाखान्यात औषध म्हणून मिळत नाही. तो चाचणीच्या पायरीवर आहे. उलट, कुणी तुम्हाला मूळपेशींचं इंजेक्शन देऊन मेंदू नवा करतो असं सांगेल आणि जमीन गहाण टाकण्याइतके पैसे मागेल. आपल्या देशाच्या वैद्यक संशोधन परिषदेनं २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की, रक्ताचे काही ठरावीक रोग सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त चाचणी म्हणूनच करावा, आणि चाचणीतल्या रोग्याकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. तेव्हा पैसे मागितले की तिथून उठायचं.

आणि ताप येऊन माणूस बरळू लागला, आकडी आली, एकाएकी पाय लुळे पडले, लघवी अडली, तर देवऋष्याकडे एक रात्रही घालवू नका. वेष्टन जळतं ते तासातासानं. काकांना आम्ही तीन दिवस घरी ठेवलं होतं.

काकीनं हे सगळं ऐकून घेतलं. मधे मधे डुलकीही घेतली असावी. शेवटी म्हणाली, “म्हंजे दिराचा जीव त्या सुईनंच वाचवला, आणि पाय बी तिनंच नेलं.”

“होय.”

“आणि आताच्या सुईत मेंढरू न्हाई.”

“नाही.”

तिनं जरा विचार केला. “मग पुढची सुई कवा हाय पोराची?”

मी आरोग्य केंद्रातून मिळालेला कागद काढला. पहिल्या दिवशी एक झाली होती. पुढे तिसरा दिवस, सातवा दिवस आणि अठ्ठाविसावा दिवस. तारखा मी पोराकडूनच मोठ्यानं वाचून घेतल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी बाजार होता. काकी म्हणाली, त्या दिवशी मी त्याच्यासंगं जाते, मला बी बाजार करायचाच हाय.